वाचून दाखवले, समजावून सांगितले

लोक कागद पिशवीतून आणतात. बहुतेक वेळा ती कापडाच्या दुकानाची असते, जाड प्लास्टिकची, कुणाच्या तरी लग्नाच्या खरेदीतली. आत एक-चौदाचा उतारा, पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिले, जुने रेशन कार्ड, एखादी लग्नपत्रिका (तिच्या मागे कुणाचा तरी फोन नंबर लिहिलेला असतो म्हणून जपलेली) आणि सगळ्यांत तळाशी चार घड्यांचा, घड्यांवर फाटलेला एक पोर्तुगीज कागद. त्यात काय आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसते, पण तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे याबद्दल सगळ्यांची खात्री असते. पिशवी टेबलावर येते आणि पिशवीवाली म्हणते, "बाय, पळय जरा," म्हणजे बघ जरा.

सात वर्षे मी गोव्यात डिचोली आणि म्हापशाच्या कोर्टांत वकिली करते आहे. वकील नेमके काय करतो, असे कायद्याला जाऊ पाहणाऱ्या मुली मला विचारतात तेव्हा मला आधी ही पिशवी आठवते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात ती कुठल्याच पेपरला नव्हती. पण मी कायद्याकडे वळले ती अशाच एका पिशवीमुळे, आणि ती आमच्या घरातली होती.

आमचे घर डिचोली तालुक्यातल्या एका गावात, भाटकाराच्या जमिनीत आहे. पणजोबांनी ते मातीचे बांधले, आजोबांनी चिऱ्याचे केले. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: भाटकार म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहतो तो मुंडकार. पिढ्यान्‌पिढ्या मुंडकाराने भाटकाराच्या भाटात राबायचे, नारळ पाडायचे, सणावाराला त्याच्या दारात उभे राहायचे, आणि भाटकाराची मर्जी फिरली तर घर सोडायचे, अशी रीत होती. १९७५च्या मुंडकार कायद्याने ती मोडली. मुंडकाराला घरातून काढता येत नाही. मामलेदाराकडच्या नोंदवहीत त्याला आपले नाव घालून घेता येते, घर आणि भोवतालची ठरावीक जागा विकतही घेता येते. मात्र घराचे भाडे देणारा माणूस या कायद्यात मुंडकार धरला जात नाही. या शेवटच्या वाक्यात आमचे घर अडकले आहे.

१९७८ साली आजीला वीज हवी होती. आजोबा नुकतेच वारले होते, बाबा कंदिलाच्या उजेडात शाळेचा अभ्यास करत. वीजजोडणीसाठी जमीनमालकाचा ना हरकत दाखला लागे. तो मिळाला, आणि त्याच बैठकीत आणखी एका इंग्रजी कागदावर आजीचा अंगठा घेतला गेला. वीज आली. कागद पिशवीत गेला, पिशवी देवघरातल्या फळीवर गेली, आणि पस्तीस वर्षांहून अधिक काळ तिच्यावर उदबत्तीचा धूर बसत राहिला.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी गणेश चतुर्थीच्या साफसफाईत मी तो काढून वाचला. महिना दोन रुपये भाड्याने घर घेतल्याचा करार होता तो. खाली जांभळ्या शाईतला अंगठा, आणि अंगठ्याच्या वर टायपातली एक ओळ. तिचा अर्थ असा: मजकूर कोंकणीत वाचून दाखवला व समजावून सांगितला, समजल्यानंतर अंगठा केला.

"आजी, तुला हे वाचून दाखवले होते?"

"लायटीचो कागद म्हूण सांगिल्लें," आजी म्हणाली आणि समया घासत राहिली.

तोवर मी कायदा शिकत होते कारण प्रवेश मिळाला होता आणि शिक्षक होण्यापेक्षा वेगळे काही करायचे होते. त्या दुपारनंतर कारण बदलले. हे मी नंतर जोडलेले नाही. त्या वर्षीच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती टायपातली ओळ मी जशीच्या तशी उतरवून ठेवली होती, ती वही अजून आहे.

बाबांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा मी बारावीत होते. दुसऱ्या वर्षी मिरामारच्या साळगावकर कॉलेजात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला लागले. १९७३ साली सुरू झालेले हे कॉलेज समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण पाच वर्षांत मी किनाऱ्यावर किती वेळा गेले ते बोटांवर मोजता येईल. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून मिरामार अशा तीन बसी होत्या, आणि परतीची चुकली की घरी पोचायला रात्र होई. बसमध्ये मी बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, वाचायचे. पुस्तक पातळ, अक्षर बारीक, आणि भाषा माझ्या कुठल्याच भाषेसारखी नाही. आमच्या घरात कोंकणी, शाळा मराठी, देवळातल्या आरत्या आणि भजने मराठी, वर्तमानपत्र मराठी. इंग्रजी हा एक विषय होता, त्यात गुण चांगले पडत, एवढेच. आता करार, गुन्हे, पुरावा, राज्यघटना सगळे त्याच भाषेत समोर उभे राहिले. मी प्रत्येक कलम आधी मनात मराठीत करून घ्यायचे, आणि आजीला सांगायचे झाले तर कोंकणीत काय म्हणायचे ते ठरवायचे. त्यात वेळ जाई, परीक्षेत तो भरून निघत नसे. पुढे हीच सवय माझे पोट भरणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

कॉलेजच्या लीगल एड सेलमधून गावांत जाणे हा अभ्यासाचा सगळ्यांत जिवंत भाग होता. पंचायतीच्या सभागृहात टेबल टाकून बसायचे, अर्ज लिहून द्यायचे, कुठे जायचे ते सांगायचे. तिथेच कळले की लोकांना कायद्यापेक्षा कागदाची भीती जास्त वाटते.

आणि गोव्याचा तो कायदा. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७०पासून गोव्यात लागू झाला, आणि १९६१च्या मुक्तीनंतर १९६२च्या अधिनियमाने पुढे चालू राहिला. आम्ही शिकलो तेव्हा प्राध्यापकांच्या टिपणांवर आणि जुन्या भाषांतरांवर भिस्त असे, सरकारने इंग्रजी भाषांतर राजपत्रात छापले ते २०१८मध्ये. वारसा आणि इन्व्हेंटरीचा (वारलेल्याच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी) भाग २०१२च्या नव्या गोवा कायद्यात आला, तोही लागू व्हायला डिसेंबर २०१६ उजाडला. म्हणजे आमच्या तुकडीने वारसा हक्क शिकला एका कायद्याने आणि पदवी घेतली दुसऱ्याच्या अमलात.

गोव्यात लग्न ठरले की बायका विचारतात, "सह्या झाल्या?" आधी नोंदणी कार्यालयात पहिल्या सह्या, काही दिवसांनी दुसऱ्या सह्या, मग मांडव. लहानपणापासून ऐकलेला हा शब्द. त्या सह्यांत काय असते ते मला तिसऱ्या वर्षाच्या वर्गात कळले. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते, आधीची आणि नंतरचीही, आणि तिच्यात दोघांचा अर्धा अर्धा वाटा असतो. एकट्या नवऱ्याच्या सहीने घर विकता येत नाही. मुलगा-मुलगी वारसाला सारखे, आणि मृत्युपत्र केले तरी निम्म्या मालमत्तेला मुलांच्या हक्कामुळे हात लावता येत नाही. त्या रात्री जेवताना मी आईला म्हटले, "आई, ट्रक अर्धा तुझा आहे." आई वाढत होती, थांबली. बाबांनी मान वर न करता विचारले, "आणि हप्ते?" मी म्हटले, घरासाठी काढलेले कर्जही दोघांचे. आईने बाबांच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "ते मला आधीपासून ठाऊक होते."

७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातली खाणींची ८८ लीझ रद्द केली. मी शेवटच्या वर्षात होते. ज्या निकालाने आमचा ट्रक दुसऱ्यांदा, आणि कायमचा, ताडपत्रीखाली गेला तो मी वाचनालयात बसून टिपणे काढत वाचला. कायदेशीर प्रक्रिया डावलून नूतनीकरण झाले होते, न्यायालयाचे म्हणणे मला पटत गेले. पटत होते आणि छातीत दुखत होते. बाबांना मी हे कधी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. पण परीक्षेची शेवटची फी त्यांनी ट्रकचे टायर विकून भरली हे मला माहीत आहे.

सनद मिळाली. ऑल इंडिया बार परीक्षा झाली, तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मग नातेवाईक विचारू लागले, "नोकरी लागली?" वकिलाला नोकरी लागत नसते हे सांगता सांगता मी थकले. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली तर वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. माझ्या तुकडीतले काही मुंबई-बंगळुरूच्या मोठ्या फर्ममध्ये गेले, एक बँकेच्या विधी विभागात गेली, ज्यांच्या घरी वकिली होती ते घरच्या ऑफिसात बसले. आणि बरेच जण जमिनींचे टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासायच्या कामाला लागले. बाहेरचे लोक गोव्यात घरे घेत सुटले आहेत, त्यामुळे या कामाला तोटा नाही, पैसेही बरे मिळतात. मीही सात-आठ महिने केले. कुणाच्या तरी आजीच्या अंगठ्याचे कागद चाळून ते विकत घेणाऱ्यासाठी निर्धोक आहेत असे लिहून द्यायचे, हे मला जमेना. काम खोटे नव्हते. मीच त्यातली नव्हते.

ज्यांच्या हाताखाली मी कनिष्ठ वकील म्हणून शिकले त्या सरांचे ऑफिस म्हापशाला बाजाराजवळ एका औषधाच्या दुकानावर होते. ओळखीपाळखीशिवाय, थेट जिना चढून गेले. सरांनी दोनच प्रश्न विचारले: कुठली बस, आणि कोंकणी घरात बोलता का. महिना पाच हजार ठरले. बसचे भाडे, दुपारचे खाणे, काळा कोट, बँड, झेरॉक्स धरून हातात राहायचे ते सांगण्यासारखे नाही. पण सरांच्या हातात त्याहून जास्त असते तर त्यांनी दिले असते, हेही मी त्यांच्या वह्या सांभाळत असल्यामुळे जाणते.

या पैशांविषयी मला मोकळेपणाने बोलायचे आहे, कारण आमच्या व्यवसायात ते बोलले जात नाही. पहिली तीन-चार वर्षे कनिष्ठ वकील जवळजवळ फुकट राबतो. त्याला तपश्चर्या म्हणण्याची पद्धत आहे. तपश्चर्या ज्याच्या घरी चूल दुसरे कुणी पेटवते त्यालाच परवडते. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सनदेसाठी कायद्यातल्या ७५० रुपयांपेक्षा, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, जास्त शुल्क घेता येणार नाही. आमच्या वेळी त्याच्या कितीतरी पट भरावे लागले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठांना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. माझ्या ओळखीतल्या एकाही कनिष्ठाचा आकडा त्यानंतर बदललेला नाही. आणि २० मे २०२५च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली. कोर्टात न वावरलेल्या तरुणाने थेट न्यायासनावर बसू नये, हे मला मान्य आहे. पण त्या तीन वर्षांचे भाडे कोण देणार? ज्या घरांत फळीवर पिशव्या आहेत त्या घरांतल्या मुली पहिल्या वर्षातच गळतात. माझ्याबरोबरच्या दोघी गळल्या. एक आज एका शाळेत लिपिक आहे. ती माझ्यापेक्षा चांगला उलटतपास घेत असे, कॉलेजच्या मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यांत, मी तो पाहिला आहे.

सरांच्या ऑफिसात मी जे शिकले त्यातले बरेचसे सांगून कळणारे नाही. बोर्डावर आपला खटला कितवा आहे त्यावरून चहाला वेळ आहे की नाही हे ओळखणे, बेलिफाशी नीट बोलणे, जुन्या खरेदीखतातले डिस्क्रिप्शन नंबर आणि मॅट्रीझ नंबर हे पोर्तुगीज काळातले जमिनीचे क्रमांक आजच्या सर्व्हे नंबराशी जुळवणे. पणजीच्या पुराभिलेख खात्यात बसून नोटरीचे वळणदार पोर्तुगीज हस्ताक्षर उलगडायलाही तिथेच लागले. एकेक शब्द करत शिकले: इथे विहीर म्हणतात, हा शब्द बांध, ही चतुःसीमा.

आणि एक गोष्ट मी चुकून शिकले.

एका बाईंचा वाटेचा दावा होता. पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट शेजाऱ्याने गडगा घालून बंद केली होती. साक्षीदार म्हणून त्यांची सत्तरीतली सासू. आपल्याकडे दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे आपल्या साक्षीदाराची पहिली जबानी, प्रतिज्ञापत्रावर होतो, माणूस कोर्टात उभा राहतो तो थेट उलटतपासाला. ते प्रतिज्ञापत्र मी केले. नऊ पाने, इंग्रजीत. त्या दिवशी सर दुसऱ्या कोर्टात होते, ओळीने तीन खटले होते, आणि म्हातारी बाकावर दोन तास बसून होती. मी तिला म्हटले, तुम्ही जे सांगितले तेच लिहिले आहे. तिने मान हलवली. मी अंगठा घेतला. अंगठ्याच्या वर मी स्वतः टाइप केले होते की मजकूर कोंकणीत वाचून दाखवला व समजावून सांगितला.

दोन महिन्यांनी म्हातारी साक्षीच्या पेटीत उभी असताना समोरच्या वकिलांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवले?

ती माझ्याकडे बघू लागली. तिला माझे नुकसान करायचे नव्हते, ते तिच्या तोंडावर दिसत होते. आणि खोटे बोलायचेही नव्हते. "ना," ती म्हणाली. "बायेन हांगा आंगठो दी म्हळें."

न्यायाधीशांनी उत्तर इंग्रजीत सांगितले, टायपिस्टने उतरवले. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पुढचा सगळा उलटतपास त्या एका उत्तरावर उभा राहिला, आणि खऱ्या वाटेचा खरा दावा खिळखिळा झाला. कोर्टाच्या पायरीवर म्हातारीने माझा हात धरून विचारले, "बाये, माझे काही चुकले काय?"

सर रागावले नाहीत. संध्याकाळी त्यांनी ते प्रतिज्ञापत्र माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "आता वाचून दाखव. कोंकणीत. मला." नऊ पाने मी त्यांना वाचून दाखवली. बत्तीस मिनिटे लागली. चौथ्या पानावर गडग्याची दिशा चुकली होती. म्हातारीने ऐकले असते तर जाग्यावर सांगितले असते.

त्या रात्री घरी गेले तेव्हा आजी झोपली होती. तिला कुणी तरी दोन रुपये भाड्याचा करार न वाचता दिला, त्या माणसाचा मी कॉलेजची सगळी वर्षे राग केला होता. तो बहुधा कुणाच्या तरी ऑफिसातला घाईत असलेला कनिष्ठ असेल. आमचा मुंडकारीचा अर्ज अजून चालू आहे, मीच चालवते. तारखा पडतात. आजी २०२१च्या पावसात गेली. तिची जबानी त्याआधी नोंदवली गेली हे आमचे भाग्य, आणि ती देताना तिने "लायटीचो कागद" हे दोन शब्द सहा वेळा उच्चारले.

आता माझे स्वतःचे छोटे ऑफिस डिचोलीत आहे. एक टेबल, चार खुर्च्या. मी कागद वाचून दाखवते. सगळे. त्यामुळे दिवसाला कामे कमी होतात, आणि बाहेर बसलेले लोक कंटाळून कधी कधी दुसरीकडे जातात, विशेषतः ज्यांना घाई असते ते. जाऊ देत.

गेल्या महिन्यात दोन भाऊ आणि बहीण आले. वडील वारलेले, आई आहे. घर आणि कुळागर, म्हणजे माड्यांची, सुपारीच्या झाडांची बाग. बहिणीने वारसा सोडल्याचे खत करायचे होते, दुसऱ्या दिवशी सब-रजिस्ट्रारकडे, म्हणजे स्पेशल नोटरीपुढे, जायचे ठरले होते. असे खत करण्यात बेकायदा काही नाही, गोव्यात घरोघर बहिणी ते करतात. भावांचे म्हणणे सरळ होते, तिला लग्नात सगळे दिले आहे. बहीण पन्नाशीची, हातात रुमालाची घडी. तिचा नवराही संमतीच्या सहीसाठी आलेला, दाराशी उभा.

मी वाचायला लागले. निम्मी मालमत्ता आईची, तिच्या हक्काची. उरलेली निम्मी तिघांत सारखी. म्हणजे तुमचा वाटा एकूण मालमत्तेचा सहावा.

"सहावा म्हणजे किती?" तिने विचारले.

धाकटा भाऊ म्हणाला, "अगे, ते कायद्याचे बोलणे. तू सही कर."

"कुळागरात माड्या किती?" मी त्यालाच विचारले.

"फळ देणाऱ्या साठ असतील."

"तर दहा," मी तिला म्हटले. "मोजायच्या झाल्या तर दहा."

ती गप्प झाली. बाहेर शेवटची बस लागल्याचा हॉर्न झाला. थोरल्याने घड्याळ पाहिले, पण बोलला नाही. तिने नवऱ्याकडे एकदा बघितले, मग टेबलावरच्या कागदाकडे, आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

"विहिरीकडच्या माड्या बाबांनी मी आठवीत असताना लावलेल्या," ती म्हणाली. "पाणी मी घालायचे." मग थोड्या वेळाने, "परत वाच गे बाये. माझे नाव येते तिथून."

मी पान मागे उलटले.